वाळवंटातल्या मातीतला बॅक्टेरिया 'नवीन' आहे हे ठरवतात कसं?

पेपरात अधूनमधून बातमी येते की राजस्थानच्या वाळूत नवीन बॅक्टेरिया सापडला, किंवा सहारात सापडला, किंवा अंटार्क्टिकात, खाली गुलाबी ठिपक्यांच्या प्लेटचा फोटो असतो आणि मग घरातलं कोणीतरी हमखास विचारतं की अगं पण तो नवीन आहे हे कळलं कसं, मायक्रोस्कोपमध्ये काही वेगळं दिसलं का? प्रश्न एकदम बरोबर आहे आणि बातमीत त्याचं उत्तर जवळपास कधीच नसतं. मी पुण्यात मायक्रोबायोलॉजी शिकले आणि आता याच प्रकारच्या कामात आहे, त्यामुळे जमेल तितकं सोपं करून सांगते.

मायक्रोस्कोपमध्ये तर बहुतेक सगळे सारखेच दिसतात हो. गोल, नाहीतर दांडीसारखे, नाहीतर धाग्यासारखे, संपलं. हत्तीची नवी जात सापडली तर डोळ्यांना काहीतरी दिसेल, बॅक्टेरियात तसं काही नसतं. आजपर्यंत बॅक्टेरियाच्या वीस हजारांहून जास्त प्रजातींना अधिकृत नावं मिळालेली आहेत, आणि 'हा नवीन आहे' म्हणणं म्हणजे त्या सगळ्यांपैकी हा एकही नाही हे पुराव्यानिशी दाखवून देणं. म्हणजे खरं काम सापडण्याचं कमी आणि तुलना करण्याचं जास्त आहे. वाळवंटातली माती आणली, प्लेटवर काहीतरी उगवलं, हा भाग तुलनेने लवकर होतो, पुढची तुलना करण्यात मात्र वर्ष-दोन वर्षं आरामात जातात.

आधी वाळवंटाबद्दल थोडं, कारण लोकांना वाटतं तिथे काय असणार. चांगल्या शेताच्या एक ग्रॅम मातीत कोट्यवधी बॅक्टेरिया असतात, वाळवंटी मातीत संख्या बरीच कमी होते पण तरी ती माती रिकामी नसते. अगदी टोकाचं उदाहरण म्हणजे चिलीचं अटाकामा, तिथल्या युंगाय नावाच्या भागातल्या मातीवर २००३ मध्ये एक गाजलेला अभ्यास छापून आला होता, त्या मातीत इतकं कमी जीवन सापडलं की तिची तुलना मंगळाच्या मातीशी केली गेली. आपलं थरचं वाळवंट त्यामानाने बरंच भरलेलं आहे, पाऊस थोडा का होईना पण पडतो, खेजडीची झाडं आहेत, बकऱ्या आहेत, माणसं आहेत. तरीपण मे महिन्यात दुपारी पाय भाजणारी वाळू, रात्री उतरणारं टेम्परेचर, वरून थेट ऊन आणि महिनोन्महिने पाणी नाही, यात टिकायचं म्हणजे सोपं नाही.

ते टिकतात कसे हे मला या सगळ्या विषयातलं सर्वात भारी प्रकरण वाटतं. काही जण स्पोर, म्हणजे जाड कवचातली झोपलेली पेशी, बनवून पडून राहतात, पाऊस येईपर्यंत. काही पेशीत ट्रेहॅलोज नावाची साखर साठवतात, तिच्यामुळे पाणी गेलं तरी आतली प्रोटीन आणि पेशीचं आवरण विस्कटत नाही. बरेच जण कॅरोटिनॉइड रंग बनवतात, म्हणून वाळवंटातल्या मातीच्या प्लेटवर गुलाबी, केशरी, लालसर कॉलन्या, म्हणजे एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके, इतक्या दिसतात, तो रंग उन्हामुळे होणाऱ्या नुकसानीपासून त्यांना वाचवतो. आणि डायनोकॉकस, त्याची गोष्ट तर सांगायलाच हवी. १९५६ साली अमेरिकेत ओरेगॉनमध्ये आर्थर अँडरसन नावाचे संशोधक डबाबंद मांस गॅमा किरणांनी निर्जंतुक करून बघत होते, तर एवढं रेडिएशन देऊनही मांस खराब झालं, आणि त्यातून हा बॅक्टेरिया निघाला, माणूस ज्या डोसने मरतो त्याच्या हजारपट डोस हा पचवतो. आता पृथ्वीवर नैसर्गिकपणे एवढं रेडिएशन कुठेच नाही, मग ही ताकद याच्यात आली कशासाठी? १९९६ च्या एका अभ्यासात याचं उत्तर बऱ्यापैकी मिळालं. पेशी पूर्ण वाळली की डीएनएचे तसेच तुकडे होतात जसे रेडिएशनने होतात, म्हणजे हा मुळात कोरडेपणाशी लढायला तयार झालाय आणि रेडिएशन सहन करणं त्याला त्यातूनच मिळालं. म्हणूनच याचे भाऊबंद वाळवंटांत सापडतात, सहाराच्या वाळूतून निघालेल्या एका प्रजातीला २००५ मध्ये डायनोकॉकस डेझर्टी असं नाव दिलं. अंटार्क्टिकाच्या गोठलेल्या वाळवंटी मातीत तर २०१७ मध्ये असे बॅक्टेरिया दाखवले गेले जे हवेत अगदी नावापुरत्या असलेल्या हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडवर गुजराण करतात, ऊन नको, पालापाचोळा नको, नुसती हवा.

तर अशी माती आणायची. फावड्याने उचलून पिशवीत भरली असं चालत नाही. वरचा थर बाजूला करून निर्जंतुक केलेल्या स्पॅच्युलाने माती घ्यायची, निर्जंतुक पिशवीत किंवा ट्यूबमध्ये, हातमोजे घालून, कारण आपल्या हातावरचे बॅक्टेरिया त्या मातीतल्यांपेक्षा कितीतरी भराभर वाढतात आणि मग पुण्यात आल्यावर तुम्ही राजस्थानचा नाही तर स्वतःच्या तळहाताचा अभ्यास करत बसता. जीपीएसवर जागा नोंदवायची, मातीचं टेम्परेचर, पीएच, क्षार, आजूबाजूला झाड होतं का, गुरं फिरत होती का, सगळं तिथेच वहीत लिहायचं. हे कंटाळवाणं वाटतं पण पुढे प्रजातीचं वर्णन छापताना 'कुठून मिळाला' या ओळीत हीच माहिती जाते आणि ती परत मिळवता येत नाही.

लॅबमध्ये आल्यावर एक ग्रॅम माती नऊ मिली सलाइनमध्ये टाकून हलवायची, त्यातलं एक मिली पुढच्या नऊ मिलीत, परत त्यातलं एक पुढच्या नऊत, असं पातळ करत जायचं, आणि प्रत्येक पायरीचं थोडंसं पाणी आगारच्या, म्हणजे अन्न घातलेल्या जेलीच्या, प्लेटवर पसरवायचं, म्हणजे एखाद्या तरी प्लेटवर पेशी एकमेकींपासून लांब पडतात आणि प्रत्येकीची वेगळी कॉलनी होते. इथे मीडिया, म्हणजे बॅक्टेरियाला वाढायला दिलेलं अन्न, कोणता घेतला यावर फार काही ठरतं. नेहमीचं न्यूट्रियंट आगार हे वाळवंटातल्या बॅक्टेरियाला झेपत नाही, त्यात खायला इतकं असतं की भराभर वाढणारे बॅसिलस सगळी प्लेट व्यापून टाकतात. म्हणून आर-टू-ए नावाचं कमी अन्नाचं मीडिया वापरतात, ते १९८५ मध्ये खरं तर पिण्याच्या पाण्यातले बॅक्टेरिया मोजायला बनवलं होतं, नाहीतर न्यूट्रियंट आगारच दहापट पातळ करून. ॲक्टिनोमायसीट, म्हणजे धाग्यासारखे वाढणारे मातीतले बॅक्टेरिया, हवे असतील तर माती आधी तासभर कोरड्या उष्णतेत ठेवतात, म्हणजे नाजूक बॅक्टेरिया मरतात आणि स्पोरवाले उरतात.

आणि मग थांबायचं. हा भाग कोणी सांगत नाही पण सगळं यावरच आहे. पहिल्या दोन दिवसांत प्लेटवर पांढऱ्या, पिवळट, चकचकीत मोठ्या कॉलन्या येतात, त्या बहुतेक ओळखीच्याच निघतात. आठवड्याने केशरी ठिपके. प्लेट सुकू नये म्हणून पॅराफिल्म लावून इनक्युबेटरच्या मागच्या कोपऱ्यात ठेवून दिली असेल तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, प्लेट उजेडाकडे तिरकी धरली की, मोठ्या कॉलन्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत टाचणीच्या टोकाएवढी एखादी गुलाबी कॉलनी दिसते, कोरडी, कडा खरबरीत, आगारमध्ये जराशी रुतलेली. लूपने उचलायला गेलं तर ती निघत नाही, सगळीच्या सगळी सरकते. शिकाऊ पोरं चौथ्या दिवशी प्लेट ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनला, देऊन टाकतात आणि नेमकी तीच कॉलनी त्यात जाते. माझं तर मत झालंय की नवीन बॅक्टेरिया सापडण्यासाठी भारी मशीनपेक्षा इनक्युबेटरमध्ये महिनाभर जागा अडवून ठेवण्याची परवानगी जास्त कामाची आहे.

एवढं करूनही मातीतल्या बॅक्टेरियापैकी साधारण शंभरातला एखादाच प्लेटवर येतो, बाकीचे डीएनएमध्ये दिसतात पण वाढत नाहीत. त्या बाकीच्यांचं काय हे पुढे येतंय.

कॉलनी उचलली की ती परत परत नव्या प्लेटवर रेघा ओढून वेगळी करायची, जोपर्यंत सगळ्या कॉलन्या एकसारख्या येत नाहीत आणि खात्री पटत नाही की हे एकच आहे, दोघांची जोडी नाही. वाळवंटी बॅक्टेरियात ही जोडीची भानगड फार होते, एक दुसऱ्याला चिकटून वाढतो. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया, कारण डीएनए दोघांचा मिसळून येतो. मग ग्रॅम स्टेन करायचा, १८८४ पासून चालत आलेली पद्धत, जांभळा की गुलाबी, यावरून पेशीच्या भिंतीचा ढोबळ प्रकार कळतो. कॅटलेज, ऑक्सिडेज या दोन झटपट टेस्ट. पण यातून नवीन-जुनं काही ठरत नाही.

ओळखीची सुरुवात होते ती सिक्स्टीन एस जीनपासून. प्रत्येक बॅक्टेरियात प्रोटीन बनवणारा रायबोसोम असतो, त्याचा एक भाग बनवणारा हा जीन, डीएनएच्या साधारण १५०० अक्षरांचा. रायबोसोमशिवाय पेशी जगूच शकत नाही त्यामुळे या जीनमध्ये बदल फार हळू होतात, त्यातले काही भाग सगळ्या बॅक्टेरियात जवळपास सारखे आणि मधले नऊ पट्टे बदलणारे. अमेरिकेतल्या कार्ल वूज यांनी या रेणूची तुलना करून १९७७ मध्ये जॉर्ज फॉक्स यांच्यासोबत दाखवलं की बॅक्टेरिया वाटणारे काही जीव बॅक्टेरिया नाहीतच, तो आर्किया नावाचा वेगळाच गट आहे, आणि तेव्हापासून जिवाणूंचं वर्गीकरण दिसण्यावरून होण्याऐवजी या अक्षरांवरून व्हायला लागलं. आज हे काम कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये होतं, २७एफ आणि १४९२आर ही प्रायमरची, म्हणजे जीनच्या दोन टोकांना चिकटणाऱ्या छोट्या डीएनए तुकड्यांची, जोडी टाकून पीसीआर करायचं, म्हणजे त्या जीनच्या भरपूर प्रती काढायच्या, सिक्वेन्सिंगला पाठवायचं, दोन्ही बाजूंनी वाचून मधे जोडायचं.

आता आलेली १५०० अक्षरं कशाशी जुळवायची? इथे पोरं नेहमी अडकतात. मोठ्या सार्वजनिक डेटाबेसमध्ये टाकलं तर उत्तर येतं ९९ टक्के जुळतं, 'अनकल्चर्ड बॅक्टेरियम', म्हणजे कोणीतरी कुठल्यातरी मातीतून डीएनए वाचून टाकला होता, त्याला नाव नाही, त्यामुळे त्या ९९ टक्क्यांना या कामात काही किंमत नाही. शिवाय तिथे चुकीच्या नावाने टाकलेलेही भरपूर असतात. तुलना करायची ती फक्त टाइप स्ट्रेनशी. टाइप स्ट्रेन म्हणजे ज्या एका विशिष्ट जिवंत कल्चरवरून, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या एकाच वाणावरून, त्या प्रजातीचं नाव पहिल्यांदा ठरलं ते कल्चर, ते नाव कायम त्याच्याशी बांधलेलं असतं. ईझीबायोक्लाउडसारख्या ठिकाणी अशा तपासलेल्या सिक्वेन्सशी जुळवून बघता येतं. जवळच्यात जवळचा टाइप स्ट्रेन ९८.७ टक्क्यांपेक्षा कमी जुळत असेल, म्हणजे १५०० अक्षरांत साधारण वीस किंवा जास्त अक्षरं वेगळी, तर बहुतेक ही वेगळी प्रजाती. पूर्वी ही रेषा ९७ टक्क्यांवर होती, नंतर जास्त डेटा आल्यावर वर सरकवली.

आणि जास्त जुळलं तर? तर लगेच तो जुनाच असं म्हणता येत नाही, ही गोष्ट खूप लोक विसरतात. सिक्स्टीन एस हे आडनावासारखं आहे, आपल्या सदाशिव पेठेत जाऊन 'जोशी कुठे राहतात' विचारलं तर घराणं कळेल पण कुठले जोशी ते कळणार नाही. १९९२ मध्ये बॅसिलसच्या दोन प्रजातींवर एक पेपर आला होता, दोघांचा हा जीन ९९.५ टक्क्यांच्याही वर जुळत होता पण बाकीचा डीएनए जुळवला तर त्या स्पष्टपणे वेगळ्या. एका हळू बदलणाऱ्या जीनवर पूर्ण पेशीचा निकाल लावला की असं होतं.

म्हणून सगळा डीएनए. याचाही इतिहास बघण्यासारखा आहे. जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, वाचता येत नव्हते तेव्हा दोन बॅक्टेरियांचे डीएनए गरम करून धागे सुटे करायचे, एकत्र मिसळून थंड करायचे आणि एकाचा धागा दुसऱ्याच्या धाग्याशी किती जोडला जातो ते मोजायचं. ७० टक्के किंवा जास्त जोडणी असेल तर एकच प्रजाती असं १९८७ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने ठरवलं. काम किचकट, दोन लॅबचे आकडे एकमेकांशी जुळायचे नाहीत, आणि प्रत्येक तुलनेसाठी समोरच्याचं कल्चर हातात लागायचं. आता जीनोम वाचतात, मातीतल्या बॅक्टेरियाचा बहुतेक ४० ते ७० लाख अक्षरांचा असतो, आणि कॉम्प्युटरवर एकाचे हजारेक अक्षरांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा दुसऱ्याच्या जीनोममध्ये कुठे बसतो आणि किती टक्के जुळतो ते काढतात, सगळ्यांची सरासरी म्हणजे एएनआय. ९५-९६ टक्क्यांच्या खाली गेलं तर वेगळी प्रजाती. आणि हा ९५ चा आकडा कुठून आला, तर तो जुन्या ७० टक्क्यांच्या जोडणीशी जुळवून घेतलेला आहे. म्हणजे साखळी बघा, आज जीनोमवर जी रेषा आखतो ती जुन्या टेस्ट ट्यूबमधल्या रेषेवरून आली, आणि ती रेषा तेव्हाच्या लोकांना ज्या प्रजाती आधीपासून वेगळ्या वाटत होत्या त्यांच्यावरून आली.

यावरून कोणी म्हणेल की मग हे सगळं माणसांनी ठरवलेलंच आहे. काही अंशी हो. निसर्गात ९५ ची पाटी लावलेली नाही. पण हजारो जीनोम एकमेकांशी जुळवल्यावर असं दिसलंय की बहुतेक जोड्या एकतर ९५ च्या वर असतात किंवा बऱ्याच खाली, मधल्या पट्ट्यात फार कमी सापडतात, म्हणजे रेषा अगदीच हवेत नाही. अपवादही आहेत. शिगेला म्हणजे हगवणीचा बॅक्टेरिया आणि ई. कोलाय, जीनोमच्या हिशोबाने हे एकाच प्रजातीत बसतात, तरी नावं वेगळी ठेवलीत कारण दवाखान्यात त्या नावांना अर्थ आहे, उगाच गोंधळ होऊन पेशंटला त्रास नको. मला हा निर्णय योग्य वाटतो.

जीनोम आला की काम संपलं असं नाही, केमिस्ट्री उरते. पेशीच्या आवरणातली फॅटी ॲसिड कोणती आणि किती टक्के, क्विनोन कोणतं, पोलर लिपिड कोणते, भिंतीत कोणतं अमायनो ॲसिड आहे, किती टेम्परेचरपर्यंत वाढतो, किती टक्के मीठ सहन करतो, कोणत्या साखरा खातो. यात एक अट फार महत्त्वाची, शेजारच्या प्रजातींचे टाइप स्ट्रेन मागवून त्यांना आपल्या बॅक्टेरियाबरोबर एकाच मीडियावर, एकाच टेम्परेचरला वाढवून मगच तुलना करायची, कारण टेम्परेचर बदललं की फॅटी ॲसिडही बदलतात, आणि दुसऱ्याच्या पेपरमधले आकडे उचलून शेजारी ठेवले तर फरक प्रजातीचा की इनक्युबेटरचा हे कळणारच नाही. आजकाल बरेच जण म्हणतात की जीनोम असताना हे कशाला. मला ते पटत नाही. जीनोम सांगतो की जीन आहे, तो पेशीत चालू आहे का, वाळवंटातला बॅक्टेरिया ४५ डिग्रीला खरंच वाढतो की नुसता जिवंत राहतो, हे पेशी वाढवूनच कळतं.

एवढं सगळं जमलं की नाव. नाव लॅटिन पद्धतीचं, आधी जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट, मग प्रजाती, आणि त्याचे नियम आंतरराष्ट्रीय संहितेत आहेत. जागेवरून ठेवता येतं, थरमधून निघालेल्या एका ॲक्टिनोमायसीटला २०१८ मध्ये सॅकॅरोथ्रिक्स थारेन्सिस नाव मिळालं. माणसाच्या सन्मानार्थ ठेवता येतं, अटाकामातल्या एकाला स्ट्रेप्टोमायसिस लीवेनहोकी म्हणतात, ज्यांनी पहिल्यांदा बॅक्टेरिया बघितले त्या लीवेनहोक यांच्यावरून, आणि याच प्रजातीच्या एका स्ट्रेनमधून चॅक्सामायसिन नावाची नवीन अँटिबायोटिक रसायनं मिळाली. स्वतःचं नाव मात्र देऊ नये असा संकेत आहे. नाव अधिकृत होतं ते आयजेएसईएम या बॅक्टेरियाच्या वर्गीकरणाच्या जर्नलमध्ये छापून आल्यावर किंवा दुसरीकडे छापून तिथल्या यादीत आल्यावर, आणि २०१८ पासून त्या जर्नलला नव्या प्रजातीचा जीनोमही द्यावाच लागतो.

पुण्याच्या लोकांना जवळचं एक उदाहरण आहे. २००५ मध्ये हैदराबादहून इस्रोने बलून सोडला होता, २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा करायला, त्या प्रयोगामागे पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे जयंत नारळीकर होते, आणि सॅम्पलची तपासणी हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत आणि आपल्या पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेत स्वतंत्रपणे झाली. २००९ मध्ये त्यातून तीन नवीन प्रजाती जाहीर झाल्या, जॅनिबॅक्टर हॉयली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाय. तेव्हा केवढी चर्चा झाली होती! पुढे काय झालं ते फार कमी जणांना माहिती आहे. इस्रोनेन्सिसला नंतर सोलिबॅसिलस या जीनसमध्ये हलवलं. आणि आर्यभट्टायचा जीनोम १८८४ पासून माहीत असलेल्या बॅसिलस मेगाटेरियमशेजारी ठेवल्यावर दोघं एकाच प्रजातीत बसतात असं २०१९ मध्ये निघालं, नियमाप्रमाणे जुनं नाव टिकतं, म्हणून आर्यभट्टाय हे नाव मागे पडलं, आणि २०२० मध्ये मेगाटेरियमलाच प्रीस्टिया या नवीन जीनसमध्ये टाकलं. काही जणांना यात नामुष्की वाटते, मला अजिबात वाटत नाही. २००९ ला जी साधनं होती त्यावर त्यांनी काम चोख केलं होतं आणि कल्चर जपून ठेवलेलं होतं म्हणूनच दहा वर्षांनी कोणाला तरी ते पुन्हा तपासता आलं.

हे कल्चर जपणं, यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. २००१ पासून नियम आहे की नवीन प्रजातीचा टाइप स्ट्रेन किमान दोन वेगवेगळ्या देशांतल्या कलेक्शनमध्ये जिवंत जमा केलेला असला पाहिजे आणि तिथून तो इतरांना मिळाला पाहिजे, नाहीतर नाव मान्य नाही. कलेक्शनमध्ये ते स्किम मिल्कमध्ये मिसळून, गोठवून, व्हॅक्यूममध्ये सुकवून काचेच्या बारीक अँप्यूलमध्ये सील करतात, काही उणे ८० च्या फ्रीजरमध्ये ग्लिसरॉलमध्ये ठेवतात, काही लिक्विड नायट्रोजनमध्ये. पुण्यात आपल्याकडे यातली श्रीमंती आहे, एनसीसीएसचं मायक्रोबियल कल्चर कलेक्शन २००९ मध्ये सुरू झालं, आता त्याला एनसीएमआर म्हणतात आणि तिथे लाखाच्या वर कल्चर आहेत, पाषाण रोडला एनसीएल या रसायन प्रयोगशाळेत एनसीआयएम हे कलेक्शन आहे, आगरकर रोडच्या आघारकर संशोधन संस्थेतही स्वतःचं कलेक्शन आहे. एका शहरात अशी तीन कलेक्शन, हे पुण्यातल्याच कित्येक जणांना माहिती नसतं.

अडचण दुसऱ्या देशाची. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे भारतातलं जैविक साहित्य परदेशी व्यक्तीच्या हाती देताना परवानगीचे नियम आहेत, आणि तिकडे नावाच्या संहितेला हवंय की कल्चर कोणालाही विनाअट मिळावं. कायद्यामागचा हेतू रास्त आहे, आपल्या मातीतलं नेऊन बाहेरच्यांनी पेटंट घ्यायचं आणि इथल्यांना काहीच नाही असं झालेलं कोणाला चालेल? पण या दोन नियमांच्या मधे भारतातल्या संशोधकांची बरीच ओढाताण होत आलीये, काम पूर्ण होऊनही कागदांमुळे नाव अडकून पडतं, आणि तोपर्यंत दुसऱ्या देशातून तोच बॅक्टेरिया छापून आला तर नाव त्यांचं.

आणि ते प्लेटवर न येणारे नव्व्याण्णव? त्यांचं कल्चरच नाही तर जमा काय करणार. त्यांना बराच काळ 'कॅन्डिडेटस' असं तात्पुरतं बिरुद लावून ठेवत आलेत. २०२२ मध्ये सीककोड नावाची वेगळी संहिता आली, तिच्यात चांगल्या दर्जाचा जीनोम हाच टाइप मानतात, कल्चर लागत नाही. यावरून तज्ज्ञांमध्ये दोन तट आहेत. मला वाटतं वाळवंटासारख्या ठिकाणी, जिथे बहुतेक जण वाढायलाच नकार देतात, याची गरज आहे, पण म्हणून वाढवण्याचे प्रयत्न सोडून द्यायचे असं व्हायला नको. फाइलमधल्या अक्षरांना तुम्ही पुन्हा ऊन दाखवून किंवा पाणी तोडून बघू शकत नाही.

अजून एक त्रुटी आहे ती राहूनच जाते. आजच्या बहुतेक नव्या प्रजाती एकाच स्ट्रेनवरून छापल्या जातात, म्हणजे एका जागेच्या मातीतून, एकदा आणलेली, त्यातली एक कॉलनी. त्यावरून आपण लिहितो की ही प्रजाती अमुक टक्के मीठ सहन करते, तमुक साखर खाते, पण ती सवय प्रजातीची की त्या एका पठ्ठ्याची, हे कसं सांगणार? त्याच टेकाडावरून पावसाआधी आणि पावसानंतर परत माती आणून, शेजारच्या जिल्ह्यातून आणून, त्याच प्रजातीचे आणखी दहा-पंधरा स्ट्रेन गोळा करणं हे खरं पुढचं काम आहे. त्याला 'नवीन'चा मथळा मिळत नाही आणि निधीही सहजी मिळत नाही, पण थरच्या बाबतीत तरी हे काम इथल्याच लोकांना करावं लागणार आहे, कारण तिथे पोचायला आपल्याला रेल्वेच पुरते.